शस्त्रांच्या दलालाचा ठावठिकाणा

१९४८ सालच्या पावसाळ्यात चार एंजिनांची अवजड लँकॅस्ट्रियन विमाने कराचीहून निघत, भारताच्या हद्दीवरून उडत आणि रात्रीच्या अंधारात हैदराबाद संस्थानातील बिदर किंवा वरंगळ येथील धावपट्टीवर उतरत. त्यांत बंदुका असत, दारूगोळा असे, काही औषधेही असत. जैसे थे कराराला अद्याप वर्षही झाले नव्हते. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी तो करार झाला, तेव्हा उभय पक्षांनी वाटाघाटींसाठी एक वर्षाची मुदत मान्य केली होती. ती मुदत संपण्याच्या आत संस्थानचे सैन्य सुसज्ज करावे, हा निजाम सरकारचा हेतू होता. त्यासाठी त्याला जो माणूस सापडला तो ना हैदराबादचा होता, ना पाकिस्तानचा, ना खऱ्या अर्थाने इंग्लंडचा. त्याचे नाव सिडने कॉटन.

कॉटन १८९४ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात जन्मला. पहिल्या महायुद्धात त्याने वैमानिकांसाठी थंडीवाऱ्यापासून रक्षण करणारा एक पोशाख शोधून काढला, आणि तो पुढे त्याच्याच नावावरून सिडकॉट म्हणून प्रसिद्ध झाला. दुसरे महायुद्ध पेटण्यापूर्वी व्यापाऱ्याच्या मिषाने जर्मनीवरून विमान नेऊन त्याने ब्रिटिश गुप्तहेर खात्यासाठी छायाचित्रे टिपली. माणूस धाडसी होता, कल्पक होता आणि कोणत्याही शिस्तीत फार काळ न रमणारा होता. अशा माणसाचा व्यापार आणि साहस यांच्यामधील रेषा पुष्कळदा पुसट असते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना संस्थानात शिरली आणि पाच दिवसांत सर्व आटोपले. कॉटनच्या विमानांनी आणलेल्या शस्त्रांनी लढाईचा निकाल बदलला नाही. म्हणून ती निरुपद्रवी होती असे मात्र कोणी म्हणू नये. रझाकारांच्या धुमाकुळात होरपळणाऱ्या गावांना बाहेरून शस्त्रे येत असल्याची नुसती वार्ताही पुरेशी होती. आदिलाबाद जिल्हा संस्थानच्या अगदी उत्तर टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे वसलेला. त्या काळी किनवट आणि राजुरा हे मराठी तालुके त्याच जिल्ह्यात होते. नदीच्या पलीकडे वऱ्हाड आणि मध्य प्रांत, आणि त्या हद्दीत संस्थानातील चळवळीच्या कार्यकर्त्यांची शिबिरे. तिकडूनही शस्त्रे इकडे येत होती, हे प्रामाणिकपणे सांगितलेच पाहिजे. एकाच सीमेवर दोन्ही बाजूंनी शस्त्रे वाहू लागली की मध्ये सापडणारा शेतकरी ती कोणाच्या परवान्याने आली हे विचारीत बसत नाही.

भारत सरकारने लंडनकडे तक्रार केली. पुढे कॉटनवर ब्रिटनमध्ये खटला झाला आणि त्याला दंड झाला. किती, तर दोनशे पौंड. आणि अपराध कोणता, तर विमान-वाहतुकीच्या नियमांचा भंग!

ह्या निकालात एक मोठी शिकवण दडलेली आहे. एका देशाच्या विरोधाला न जुमानता दुसऱ्या देशातून तिसऱ्या ठिकाणी शस्त्रे पोचविणे हा अपराध म्हणून ब्रिटिश कायद्यापुढे आलाच नाही. कायद्याने पकडले ते विमान. विमानाची नोंद ब्रिटनमध्ये झालेली होती, त्यावर ब्रिटनची अक्षरे होती. त्या अक्षरांना धरून कायदा वैमानिकापर्यंत पोचला. तीच विमाने कॉटनने दुसऱ्या एखाद्या देशात नोंदविली असती, तर दोनशे पौंडांचाही प्रश्न उद्भवला नसता. त्याच्या नागरिकत्वाचाही काही उपयोग नव्हता. त्या वर्षी ‘ऑस्ट्रेलियाचा नागरिक’ अशी वेगळी संज्ञाच अस्तित्वात नव्हती, ती १९४९ साली आली. तोवर सिडनीत जन्मलेला, लंडनमध्ये जन्मलेला, दोघेही सारखेच ब्रिटिश प्रजाजन. जन्म एकीकडे, व्यापार दुसरीकडे, माल तिसरीकडे, गिऱ्हाईक चौथीकडे. अशा माणसाला कायद्याने कोठे धरावे?

आदिलाबादच्या लोकांना दलाल म्हणजे काय हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. काळ्या जमिनीचा तो मुलूख. कापूस हे तेथील मोठे पीक. हंगामात बाजाराच्या आवारात गाड्यांच्या रांगा लागतात. जुन्या काळी कापसाच्या पेठांत रुमालाखाली बोटे दाबून सौदे होत; ज्याची बोटे दाबली जात तो आणि जो दाबी तो, यांच्यापैकी कोणाचाही तो कापूस नसे. माल शेतकऱ्याचा, पैसा गिरणीवाल्याचा. मधला माणूस केवळ शब्दाचा व्यापारी. (शस्त्रांच्या ज्या व्यापाऱ्याची ही कथा आहे त्याच्या आडनावाचा अर्थही कापूसच होतो, हा निव्वळ योगायोग.) तथापि बाजार समितीने त्या मधल्या माणसाला मोकळे सोडलेले नाही. अडत्याला परवाना लागतो, हिशेब दाखवावा लागतो, तो रद्दही होऊ शकतो. आणि परवाना देताना समिती काय पाहते? अडत्याचा आजा मारवाडातून आला, गुजरातेतून आला की पैनगंगेपलीकडून आला, हे ती पाहत नाही. त्याची पेढी येथे आहे, तो व्यवहार येथे करतो, तेव्हा तो ह्या बाजाराच्या नियमाखाली आला. सरळ, रोखठोक न्याय आहे.

शस्त्रांच्या दलालीत हा सरळ न्याय जगाने फार उशिरा ओळखला, आणि अर्धवट ओळखला.

कायद्याला माणसावर सत्ता चालविण्यासाठी मुख्यतः तीन दोर उपलब्ध असतात. पहिला भूमीचा: कृत्य आमच्या हद्दीत घडले म्हणून आमचा कायदा. दुसरा नागरिकत्वाचा: कृत्य जगात कोठेही घडो, माणूस आमचा म्हणून आमचा कायदा. तिसरा निवासाचा: माणूस आमचा नसेल, कृत्यही येथे घडले नसेल, परंतु त्याचे घर येथे आहे, बँकेतील खाते येथे आहे, मुले येथील शाळेत जातात, म्हणून आमचा कायदा. चोरी, मारामारी, दरोडा यांना पहिला दोर पुरतो. दलालाला तो पुरत नाही, कारण दलालाचे कृत्य म्हणजे एक पत्र, एक दूरध्वनी, हॉटेलातील एक भेट. ती भेट कोणत्या देशात घ्यावयाची हे तो स्वतः ठरवितो.

तिसरा दोर परका किंवा नवा आहे असे मानण्याचे कारण नाही. आदिलाबादच्या डोंगरांतच त्याचे एक विलक्षण उदाहरण घडून गेले आहे.

१९३९ च्या सप्टेंबरात युद्ध सुरू झाले, तेव्हा ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ नावाचे एक तरुण मानववंशशास्त्रज्ञ हैदराबादच्या वाटेवर होते. त्यांचा जन्म व्हिएन्नाचा. त्यापूर्वी त्यांनी आसामच्या सीमेवर नागा लोकांत राहून अभ्यास केला होता. ऑस्ट्रिया १९३८ साली जर्मनीने गिळंकृत केला आणि त्याबरोबर त्यांच्या खिशातील पासपोर्ट जर्मन झाला. युद्ध पुकारले जाताच ते एका दिवसात शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. नात्सी राजवटीविषयी त्यांना प्रेम नव्हते. पण कायदा मन वाचीत नाही, कागद वाचतो. पुढे स्नेही अधिकाऱ्यांच्या मध्यस्थीने त्यांना छावणीऐवजी हैदराबाद संस्थानच्या हद्दीत राहण्याची मुभा मिळाली. अट एवढीच, की संस्थान सोडून जावयाचे नाही.

१९४० साली जोडेघाटच्या परिसरात कुमराम भीम आणि त्यांचे गोंड सहकारी निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. जमीन आणि जंगल यांवरील हक्क हे त्या बंडाचे कारण होते. त्या घटनेने सरकारचेही डोळे काही अंशी उघडले, आणि हायमेनडॉर्फ आदिलाबादच्या राजगोंडांत जाऊन राहिले. मारलवाई हे त्यांचे गाव झाले. पत्नी बेट्टी बरोबर होत्या. ज्याला सरकारदरबारी शत्रू म्हणून नोंदले होते त्या माणसाने गोंडांच्या जमिनीच्या प्रश्नावर अहवाल लिहिले, मारलवाईस गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण-केंद्र चालविले, आणि गोंडी भाषेची प्राथमिक पुस्तके देवनागरी लिपीत तयार करविली, कारण त्या भागात मराठीचा परिचय जुना होता. पुढे ते निजाम सरकारचे आदिवासींविषयीचे सल्लागार झाले. आदिलाबादच्या राजगोंडांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९४८ सालीच, म्हणजे कॉटनची विमाने वरंगळला उतरत होती त्याच वर्षी. बेट्टी १९८७ साली निवर्तल्या. त्यांची समाधी मारलवाईतच आहे. २०१६ साली जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून ते गाव कुमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते.

एकाच संस्थानात, एकाच दशकात, हे दोन परके वावरले. ज्याचा पासपोर्ट शत्रूचा, त्याच्याकडून कोणालाही इजा पोचली नाही. ज्याचे कागद निर्दोष, त्याने अंधारात बंदुका उतरविल्या. पासपोर्टावरून माणसाच्या कृत्याचा अदमास बांधता येत नाही, हे तर यावरून दिसतेच. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. परक्या माणसाला केवळ तो येथे राहतो म्हणून कायद्याने किती घट्ट बांधता येते, हे हायमेनडॉर्फ यांच्या बाबतीत दिसले. त्यांच्या प्रत्येक पावलावर राज्याची नजर होती. कायद्याला हात नव्हते असे नाही. ते हात एका निरुपद्रवी संशोधकाला धरून ठेवण्यात गुंतले होते आणि विमानवाल्याच्या बाबतीत आखडले होते.

निवासावरून माणूस आपला ठरविण्याची रीतही हैदराबादला नवखी नव्हती. १९१९ सालच्या फर्मानाने आलेले मुल्की नियम त्या प्रदेशात आजही लोकांच्या बोलण्यात येतात. संस्थानात पंधरा वर्षे अखंड राहिलेला आणि परत न जाण्याचे प्रतिज्ञापत्र देणारा माणूस मुल्की, म्हणजे मुलखातला, समजला जाई आणि नोकरीस पात्र होई. पुढे त्याच नियमांवरून १९५२ साली आणि पुन्हा १९६९ साली किती रक्त सांडले हे सर्वश्रुत आहे. १९७३ साली संसदेने ते रद्द केले. तेव्हा निवासाची कसोटी ही काही निर्मळ वस्तू आहे असे नव्हे. तिचा उपयोग दार उघडण्यास होतो तसा बंद करण्यासही होतो. परंतु तेथे ती हक्क वाटण्यासाठी वापरली गेली. कर्तव्य लादण्यासाठी ती वापरावी काय, हा येथे प्रश्न आहे.

कॉटनच्या प्रकरणानंतर बरोबर सत्तेचाळीस वर्षांनी तीच कहाणी अधिक भयंकर स्वरूपात घडली. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री एका अँतोनोव्ह विमानातून पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यातील खेड्यांवर शेकडो बंदुका आणि प्रचंड दारूगोळा हवाई छत्र्यांनी टाकण्यात आला. सकाळी गावकऱ्यांना शेतांत पेट्या पडलेल्या दिसल्या. शस्त्रे बल्गेरियातून घेतलेली, कागदोपत्री गिऱ्हाईक बांगलादेश, विमानाचे चालक लॅटव्हियाचे, सौद्यातील एक जण इंग्रज शस्त्रविक्रेता पीटर ब्लीच, आणि सूत्रधार किम डेव्ही या नावाने वावरणारा डॅनिश नागरिक नील्स होल्क. विमान येताना कराचीस उतरले होते, हा आणखी एक योगायोग. काही दिवसांनी तेच विमान थायलंडहून परतत असता हवाई दलाने त्यास मुंबईस उतरविले. ब्लीच आणि वैमानिक पकडले गेले. डेव्ही मुंबईच्या विमानतळावरून निसटला. २००० साली कलकत्त्याच्या न्यायालयाने पकडलेल्यांना जन्मठेप दिली. वैमानिकांना त्याच वर्षी आणि ब्लीच यास २००४ साली माफी मिळाली.

भारतीय न्यायालयाला हे करता आले, कारण शस्त्रे भारताच्या भूमीवर पडली होती. पहिला दोर बळकट होता. पण ब्लीचने इंग्लंडमध्ये बसून जे केले, म्हणजे किमती विचारणे, विमान मिळविणे, बल्गेरियातील माल तिसऱ्या देशात नेण्याची व्यवस्था करणे, ते त्या वेळच्या ब्रिटिश कायद्यात सामान्यतः गुन्हा नव्हते. माल इंग्लंडच्या किनाऱ्याला लागला नाही, म्हणजे निर्यात झाली नाही. निर्यात झाली नाही, म्हणजे परवान्याचा प्रश्न नाही. होल्कच्या बाबतीत डेन्मार्कच्या न्यायालयांनी २०११ साली आणि पुन्हा २०२४ साली त्याला भारताच्या स्वाधीन करण्यास नकार दिला.

इटलीतील उदाहरण तर ह्याहून बोलके आहे. लिओनिद मिनिन हा युक्रेनमध्ये जन्मलेला इस्रायली नागरिक २००० सालच्या ऑगस्टात मिलानजवळच्या एका हॉटेलात पकडला गेला. त्याच्या खोलीत पश्चिम आफ्रिकेला पाठविलेल्या शस्त्रांचे कागद निघाले. मार्च १९९९ मध्ये युक्रेनहून बुर्किना फासोला ६८ टन शस्त्रे गेली आणि तेथून ती पुढे लायबेरियात शिरली, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी नमूद केले आहे. लायबेरिया आणि सिएरा लिओन येथे त्या वर्षांत काय चालले होते, लहान मुलांच्या हाती कशा बंदुका देण्यात आल्या, हे जगाने पाहिले आहे. इटलीच्या न्यायालयापुढे पुराव्याची वाण नव्हती. तरीही २००२ साली शस्त्रांच्या आरोपातून मिनिन सुटला. कारण शस्त्रे इटलीच्या भूमीवर कधी आलीच नव्हती आणि तो इटलीचा नागरिकही नव्हता. न्यायाधीशांनी कायद्याप्रमाणे निकाल दिला. कायदाच तेवढा होता.

अशा प्रकरणांनंतर कायदे हलू लागले. अमेरिकेने १९९६ साली दलालीवर परवाना बसविला आणि कायम वास्तव्याचा हक्क मिळालेल्या परकीयांनाही त्यात आपल्याच माणसांप्रमाणे मोजले. युरोपीय संघाने २००३ साली सदस्य-राष्ट्रांना दलालीवर नियंत्रण ठेवण्यास सांगितले. हद्दीबाहेरील दलालीविषयी मात्र ‘विचार करावा’ एवढेच म्हटले, आणि तेही स्वदेशात राहणाऱ्या स्वतःच्या नागरिकांपुरते. ब्रिटनने २००२ चा कायदा करून २००४ पासून दलाली परवान्याखाली आणली. परंतु त्याची रचना पाहण्यासारखी आहे. ब्रिटनमध्ये केलेले कृत्य कोणाचेही असो, ते कायद्याखाली येते; ब्रिटनबाहेर केलेले कृत्य मात्र ब्रिटिश नागरिकाचे किंवा ब्रिटिश कंपनीचे असले तरच. म्हणजे लंडनमध्ये वीस वर्षे घर करून राहिलेला परकीय सकाळी पॅरिसला जाऊन सौदा पक्का करील आणि रात्री आपल्या घरी येऊन सुखाने झोपेल. त्याचा शेजारी इंग्रज असेल तर त्याच सौद्याबद्दल तो तुरुंगात जाईल. ज्या दलालाने आपला पासपोर्ट शहाणपणाने निवडला त्याला हे बक्षीसच नव्हे काय?

न्यूझीलंडने २०१८ सालच्या कायद्यात ही फट बुजविली: नागरिक, तेथे सामान्यतः राहणारा माणूस आणि तेथील संस्था, तिघांचीही परदेशातील दलाली परवान्याखाली. कॅनडाने २०१९ पासून कायम रहिवाशांना नागरिकांच्या बरोबरीने धरले. संयुक्त राष्ट्रांचा शस्त्रव्यापार करार २०१४ च्या अखेरीस अमलात आला. त्याचे दहावे कलम दलालीविषयीच आहे, पण ते प्रत्येक राष्ट्राने आपल्या अधिकारकक्षेतील दलालीस आळा घालावा एवढे सांगून थांबते, आणि ती कक्षा कोणती हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. भारत त्या कराराच्या मतदानाच्या वेळी तटस्थ राहिला आणि अद्याप त्यात सामील झालेला नाही.

भारताचा स्वतःचा कायदा या बाबतीत चमत्कारिक रीतीने एकाच वेळी पुढेही आहे आणि मागेही आहे. अणु, रासायनिक व जैविक संहारक शस्त्रांविषयीचा अधिनियम २००५ साली झाला. त्याचे बारावे कलम दलालीचे. त्यात ‘भारताचा नागरिक’ असे शब्द नाहीत. भारतात निवास करणाऱ्या कोणाही व्यक्तीने मोबदला घेऊन जाणूनबुजून निषिद्ध व्यवहार घडवून आणू नये, असा त्याचा आशय आहे. निवास हीच कसोटी. हैदराबादच्या एखाद्या वस्तीत राहणारा परकीय आणि त्याच्या शेजारचा पिढीजात हैदराबादी, दोघेही त्या कलमापुढे सारखे.

परंतु जगात माणसे मरतात ती मुख्यतः साध्या बंदुकीने. तिच्यासाठी १९५९ चा शस्त्र अधिनियम आहे. २०१९ साली त्यात दुरुस्ती होऊन बेकायदा शस्त्रव्यापाराची व्याख्या घालण्यात आली आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढविण्यात आली. ही दुरुस्ती स्तुत्यच आहे. व्याख्या मात्र भारताच्या प्रदेशात, प्रदेशातून किंवा प्रदेशांतर्गत होणाऱ्या शस्त्रांच्या हालचालीपुरती आहे. पुन्हा पहिलाच दोर! भारतात घर करून राहिलेल्या परकीयाने एका खंडातील बंदुका दुसऱ्या खंडात धाडण्याचा सौदा दुबईत जुळविला, तर तो त्या व्याख्येत बसत नाही. नागरिकाला निदान दंडविधान देशाबाहेरही सोडीत नाही; ह्या रहिवाशाला ते बंधनही नाही. अण्वस्त्राच्या दलालाला कायदा त्याच्या घराच्या पत्त्यावर शोधतो आणि बंदुकीच्या दलालाला सीमेवरच्या जकात-नाक्यावर. दलाल नाक्यावर येतो कशाला?

यावर आक्षेप घेतले जातात आणि ते पोकळ नाहीत. एखादा परकीय आपल्या मायदेशात, तेथील सरकारच्या अनुमतीने, तेथील कारखान्यासाठी काम करीत असेल, तर तो भारतात वर्षातून काही महिने राहतो म्हणून त्याला येथलाही परवाना मागावा काय? एका माणसावर दोन धनी होतील. निर्वासितांचे काय? ज्याला देशच उरला नाही त्याच्यावर हा आणखी एक कागद कशाला, असेही कोणी म्हणेल. आणि मुख्य म्हणजे रहिवासी कोणाला म्हणावे?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सरकारी कपाटांतच पडून आहे. प्राप्तिकराच्या कायद्याला रहिवासी कोण हे दिवस मोजून ठाऊक आहे. वर्षात १८२ दिवस येथे काढले की पासपोर्ट कोणताही असो, सामान्यतः तो कराच्या जाळ्यात आला. परकीय चलनाविषयीच्या १९९९ च्या कायद्यातही निवासी व्यक्तीची व्याख्या अशीच दिवसांवर बसविली आहे आणि तेथेही नागरिकत्व विचारले जात नाही. परदेशातून आलेला एखादा व्यवस्थापक आपला पगार, आपले खाते, आपली परदेशातील मिळकत यांच्या बाबतीत भारताचा रहिवासी गणला जातो, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. पैशासाठी जी मोजपट्टी चालते ती बंदुकीसाठी अपुरी का पडावी, ह्याचे समाधानकारक उत्तर आक्षेपकांपाशी नाही.

दोन धन्यांच्या आक्षेपावर इलाज आहे. जेथे माणसाच्या मायदेशाने त्या विशिष्ट सौद्याला रीतसर परवाना दिलेला असेल आणि माल निषिद्ध गिऱ्हाइकाकडे जात नसेल, तेथे नुसती नोंदणी पुरेशी मानता येईल. न्यूझीलंडच्या कायद्यावर चर्चा करणाऱ्यांना, कॅनडातील विधिज्ञांना हाच पेच सोडवावा लागला. निर्वासिताविषयी म्हणावयाचे तर, ज्याने बंदुकीपासून पळून येथे आसरा घेतला त्याला बंदुकीच्या दलालीची बंदी जाचक वाटण्याचे कारण दिसत नाही. कायदा त्याला काही करावयास सांगत नाही. एक धंदा परवान्यावाचून करू नये एवढेच सांगतो. उलट, ज्या देशातून तो पळाला तेथे त्याच्याच आश्रयदात्या शहरातून शस्त्रे जात असतील, तर ती थांबावीत असे सर्वांत प्रथम त्यालाच वाटेल.

राहता राहिला अंमलबजावणीचा प्रश्न. परदेशातील हॉटेलात झालेले बोलणे सिद्ध कसे करावयाचे? पुरुलियाच्या खटल्यात आणि मिलानच्या हॉटेलात जे पुरावे मिळाले ते माणसाच्या बॅगेत, खात्यात आणि पत्रव्यवहारात मिळाले. दलालाचे कागद तो राहतो तेथेच असतात. जो देश त्याला घर देतो त्याच्याच पोलिसांना त्याच्या दारापर्यंत जाता येते, आणि त्याच्याच बँकांना त्याची कमिशनची रक्कम कोठून आली हे विचारता येते. मिनिनच्या बाबतीत इटलीच्या पोलिसांनी हे सर्व केले होते. फक्त त्या कागदांवरून आरोप ठेवता येईल असे कलम त्यांच्यापाशी नव्हते.

भारतात त्यासाठी नवा अधिनियम लागेल असेही नाही. २००५ च्या बाराव्या कलमातील निवासी व्यक्तीविषयीचे शब्द उचलून १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दलालीचे एक कलम घालावे लागेल, निवासाचे दिवस चलनाच्या कायद्यातून घ्यावे लागतील, आणि परवाना कोणी द्यावयाचा ते ठरवावे लागेल. हा विषय गृह, संरक्षण आणि वाणिज्य अशा तीन खात्यांत विभागलेला आहे, आणि तीन खात्यांच्या सह्या मिळविणे हे काम कलम लिहिण्याहून अधिक वेळ घेईल.